गोळीचा पल्ला आणि माणसाचा पल्ला

पाचशे मीटरवर चरणाऱ्या हरणाच्या छातीवर तुम्ही नेम धरला आणि चाप ओढला, तर गोळी तिथे पोचायला साधारण ०.७ सेकंद लागतात. हरणाला एक पाऊल पुढे टाकायला तेवढा वेळ पुरतो. छातीवर धरलेला नेम मग पोटात जातो. पोटात गोळी लागलेलं जनावर जागेवर पडत नाही. ते पळतं, झाडीत शिरतं आणि काही तासांनी कुठेतरी एकटं मरतं. गोळी झाडणारा तोवर अर्धा किलोमीटर लांब दुर्बिणीला डोळा लावून बसलेला असतो आणि लागली की हुकली, हे ठरवत असतो.

नेम चुकला म्हणावं, तर तसंही नाही. चाप ओढला त्या क्षणी नेम बरोबर होता. मग त्या हरणाच्या मरणातले ते काही तास कोणाच्या खात्यावर टाकायचे? बंदुकीच्या, वाऱ्याच्या, हरणाच्या पावलाच्या, की चाप ओढणाऱ्याच्या?

हा प्रश्न माझ्यापर्यंत आला तो एका एक्सेल शीटमधून.

वीस इंची की चोवीस इंची

माझा एक कॉलेजमित्र मूळचा नाशिकचा, सध्या कोलोरॅडोत असतो. तिथे शिकार कायदेशीर आहे. कोणत्या हंगामात किती जनावरं मारायची, हे राज्य ठरवतं आणि तेवढेच परवाने देतं. आमच्या वयाच्या माणसाला परवान्याआधी शिकारीच्या सुरक्षिततेचा कोर्स करावा लागतो. रायफलच्या हंगामात अंगावर भडक केशरी किंवा गुलाबी कपडे घालणं सक्तीचं आहे. माझ्या मित्राने कोर्स केला, आणि आता त्याला म्यूल डिअर नावाच्या हरणाच्या शिकारीसाठी पहिली रायफल घ्यायची आहे. लांबून मारता येईल अशी. इंजिनिअर माणूस, त्यामुळे त्याने आधी एक्सेल शीट बनवली. मग मला फोन केला.

"अरे, तू सायवनचा ना? तुमच्याकडे घरोघरी शिकारी असतील. सांग की, बॅरल वीस इंची घेऊ का चोवीस?"

"घरोघरी कसले? इकडे शिकारीला बंदी आहे, बाबा. आणि आमच्या आज्याकडे तिरकमठा होता. त्याला बॅरल नसते."

तो हसला. शीट मात्र त्याने पाठवली आणि मी ती दोन रात्री वाचत बसलो. कारण ती खरंच चांगली होती. आमच्या कामात आम्ही सर्व्हरला उत्तर द्यायला किती मिलिसेकंद लागतात, हे मोजत असतो. त्याने गोळीसाठी तेच केलं होतं.

ज्यांनी रायफल फक्त सिनेमात पाहिली आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रायफलच्या बॅरलमध्ये आतून पीळदार आटे असतात. त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते आणि हवेत भोवऱ्यासारखी स्थिर राहते. लांबवर मारायचं तर लांब, निमुळती गोळी लागते, कारण तिला हवेचा अडथळा कमी होतो. पण लांब गोळी स्थिर ठेवायची तर आट्यांचा पीळ जास्त घट्ट लागतो. सध्या लोकप्रिय असलेल्या ६.५ क्रीडमूर या काडतुसासाठी साधारणपणे दर आठ इंचांना एक वेढा, असा पीळ देतात. बॅरल जाड असेल तर लागोपाठ गोळ्या झाडूनही ती लवकर तापत नाही आणि नेम सरकत नाही. पण ती जड होते आणि डोंगर चढताना खांद्याला कळते. बॅरल लाकडी किंवा फायबरच्या दस्त्याला कुठेही घासणार नाही अशी मोकळी बसवली, तर प्रत्येक गोळीला ती एकसारखी कंप पावते. आणि बॅरल लांब असेल, तर काडतुसातल्या दारूच्या वायूला गोळी ढकलायला जास्त वेळ मिळतो, म्हणून गोळीचा वेग वाढतो.

किती वाढतो? वीस इंचांवरून चोवीस इंचांवर गेलं, तर ढोबळमानाने सेकंदाला ३० मीटर. मूळ वेग सेकंदाला ८०० मीटरच्या घरात. म्हणजे चार टक्क्यांच्या आत-बाहेर. पाचशे मीटरवर गोळी पोचायला लागणाऱ्या ०.७ सेकंदांतले त्यामुळे जेमतेम तीन शतांश सेकंद वाचतात.

आता शीटमध्ये नसलेला एक हिशोब करून पाहू. तीच रायफल, तीच बॅरल, फक्त शिकारी शंभर मीटर पुढे सरकला. चारशे मीटरवर गोळी पोचायला साधारण ०.५५ सेकंद लागतात. म्हणजे चार इंच जास्तीच्या बॅरलने जेवढा वेळ वाचला, त्याच्या पाचपट वेळ शंभर मीटर चालल्याने वाचला.

मी मित्राला तसं लिहून पाठवलं. त्याचं उत्तर आलं, "पॉइंट आहे. पण जवळ गेलं की ते पळतं ना!"

या एका वाक्यात सगळा नैतिक प्रश्न येऊन बसला आहे, असं मला वाटतं.

अचूकता कशावर खर्च करायची

रायफलची अचूकता कोनात मोजतात. एका अंशाचा साठावा भाग, म्हणजे एक कला. हा कोन शंभर मीटरवर सुमारे २.९ सेंटिमीटर रुंद होतो, दोनशे मीटरवर त्याच्या दुप्पट. समजा, एका जुन्या रायफलच्या गोळ्या दोन कलांच्या वर्तुळात पडतात आणि नव्या, महागड्या रायफलच्या अर्ध्या कलेत. हरणाची हृदय-फुप्फुसाची जागा, जिथे गोळी लागली तर ते लवकर मरतं, ती वीस-पंचवीस सेंटिमीटरची असते.

जुनी रायफल दोनशे मीटरवर साडेअकरा सेंटिमीटरच्या वर्तुळात गोळ्या टाकते. नवी रायफल त्याच अंतरावर तीन सेंटिमीटरच्या आत टाकते. म्हणजे नवी रायफल घेतल्यावर तुमच्यापुढे दोन रस्ते उघडतात. पहिला, दोनशे मीटरवरूनच मारायचं आणि हरीण जखमी होऊन पळण्याची शक्यता खूप कमी करायची. दुसरा, आठशे मीटरवर जायचं. तिथे नव्या रायफलचं वर्तुळ पुन्हा साडेअकरा सेंटिमीटरच होतं. कागदावर दोन्ही सारखंच दिसतं.

कागद सोडून बाहेर आलं की सारखं राहत नाही. दोनशे मीटरवर गोळी पाव सेकंदात पोचते, आठशे मीटरवर सव्वा सेकंद लागतो. ताशी सोळा किलोमीटरचा आडवा वारा, म्हणजे झाडाची पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलवणारी झुळूक, दोनशे मीटरवर गोळीला सात सेंटिमीटरच्या आसपास ढकलते. पाचशेवर अर्धा मीटर. आठशेवर सव्वा ते दीड मीटर. वाऱ्याचा अंदाज नुसता वीस टक्क्यांनी चुकला, तरी आठशे मीटरवर गोळी पाव मीटर सरकते, म्हणजे छातीच्या बाहेर. बंदूक चौपट अचूक झाली. वारा आणि हरीण मात्र पूर्वीचेच राहिले.

हे फक्त बंदुकीचं नाही. सॅम पेल्टझमन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७५ साली मोटारींच्या सुरक्षेबद्दल असाच मुद्दा मांडला होता. गाडी सुरक्षित केली की चालवणारा त्या सुरक्षेचा काही भाग वेगावर खर्च करतो. त्याच्या आकडेमोडीवर पुढे बरेच वाद झाले, पण आमच्याकडच्या मुंबई-अहमदाबाद महामार्गावर एक रात्र गाडी चालवली तरी त्याचं म्हणणं काय होतं ते समजतं. चांगले ब्रेक मिळाले की आपण उशिरा ब्रेक दाबतो.

रायफल निवडणं ही खरेदी वाटते. प्रत्यक्षात हातात आलेली जास्तीची ताकद कोणासाठी खर्च करायची, हे आपण तेव्हा ठरवत असतो. जनावराला लवकर, कमी वेदनेत मरण यावं म्हणून, की मला कमी चालावं लागावं आणि फोनवर मोठा आकडा सांगता यावा म्हणून? दोन्ही माणसांच्या हातात तंतोतंत तीच बंदूक असू शकते.

शब्दवेध

आपल्या गोष्टींमध्ये लांबून मारणाऱ्यांचं काय होतं, ते आठवून पाहा.

दशरथ शब्दवेधी होता. आवाजावरून बाण मारण्याची विद्या त्याच्याकडे होती. शरयूच्या काठी अंधारात त्याला पाण्याचा बुडबुड आवाज आला, हत्ती पाणी पितोय असं वाटलं आणि त्याने बाण सोडला. बाण बरोबर आवाजावरच लागला. तिथे आंधळ्या आईबापांसाठी घडा भरणारा श्रावण होता. पांडूने हरणाच्या जोडीवर बाण सोडले, तो हरणाच्या रूपातला किंदम ऋषी निघाला. आणि महाभारताच्या अखेरीस जरा नावाच्या व्याधाला झाडीत हरीण दिसलं. त्याचा बाण कृष्णाच्या पायाला लागला.

या तिघांपैकी एकाचाही नेम चुकलेला नाही. तिघांचे बाण जिथे सोडले तिथेच लागले. चुकलं ते समोर काय आहे हे ओळखणं. त्यांचा हात जिथवर पोचत होता, तिथवर त्यांची नजर पोचत नव्हती. दशरथाच्या बाबतीत तर त्याचं कौशल्यच त्याच्या आड आलं. शब्दवेध येत नसता, तर त्याला पुढे जाऊन बघावं लागलं असतं.

पुराणं सोडून आजच्या पालघर जिल्ह्यात येऊ. २०२५ च्या जानेवारीच्या अखेरीस मनोरजवळच्या बोरशेतीच्या जंगलात काही गावकरी रानडुकराच्या शिकारीला गेले. रानात ते विखुरले. कोणीतरी हालचाल पाहिली, डुक्कर समजून गोळी झाडली, आणि ती आपल्याच सोबतच्या माणसाला लागली. तो गेला. घाबरलेल्या सोबत्यांनी पोलिसांना न कळवता मृतदेह झाडीत लपवला. काही दिवसांनी प्रकरण उघडकीस आलं आणि अटका झाल्या.

ही बातमी वाचली तेव्हा मला कोलोरॅडोच्या केशरी कपड्यांचा अर्थ नीट लागला. गोळीचा पल्ला नजरेपेक्षा मोठा आहे, हे तिथल्या कायद्याने गृहीत धरलेलं आहे. म्हणून निदान माणूस तरी लांबून ओळखू यावा, एवढी सोय त्याने केली. आपल्याकडे मात्र शिकार मुळात चोरून करायची गोष्ट आहे. जो लपून गेलाय तो भडक कपडे घालणार नाही, सोबत्यांना आपण कुठे आहोत हे ओरडून सांगणार नाही आणि गोळी चुकीच्या जागी लागली तर मदतीलाही कोणाला बोलावणार नाही. बंदीमुळे जनावरं वाचली, हे खरं आहे आणि मला ती बंदी हवीच आहे. पण बंदी झुगारून जंगलात गेलेल्या माणसाकडे ना कायद्याचे नियम उरतात, ना जुन्या शिकारीचे.

जवळ असणं म्हणजे काय

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग सरळ सांगा ना, जवळून मारा, लांबून मारू नका. तसं सोपं असतं तर बरं झालं असतं. या सोप्या उत्तराविरुद्ध निदान तीन गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट माझ्या मित्राने मांडली, आणि ती हलक्यात घेण्यासारखी नाही. रायफलची गोळी आवाजापेक्षा वेगाने जाते. पाचशे मीटरवर गोळी ०.७ सेकंदात पोचते, तर बंदुकीचा आवाज जवळपास दीड सेकंदाने. गोळी जागेवर लागली तर हरणाला त्याआधी आवाजही ऐकू येत नाही. ते चरत असतं आणि मग नसतं. याउलट हाका करून, ढोल वाजवून, कुत्री लावून जनावराला धाप लागेपर्यंत पळवलं आणि मग जवळून मारलं, तर त्याच्या आयुष्यातली शेवटची वीस मिनिटं निव्वळ भीतीची असतात. जुनं ते सगळं दयाळू होतं, असं मी म्हणणार नाही. बाण लागलेलं जनावरही मैलभर रक्त सांडत जातं.

दुसरी गोष्ट यवतमाळची. पांढरकवडा-राळेगाव भागात १३ माणसांच्या मृत्यूशी जिचं नाव जोडलं गेलं, ती अवनी ऊर्फ टी-१ वाघीण २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ मारली गेली. गोळी जीपमधून झाडली होती आणि अंतर सांगितलं गेलं ते जेमतेम आठ-दहा मीटर. आधी बेशुद्धीचं इंजेक्शन मारायचं, ते जमलं नाही तरच गोळी, असा आदेश होता. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशी पथकाने या कारवाईत नियम पाळले गेले नाहीत, असा ठपका ठेवला. वाघिणीमागे दोन बछडी उरली. तेव्हा अंतर जवळजवळ काहीच नव्हतं आणि तरी नीट झालं असं म्हणता येत नाही. अंधार होता, पशुवैद्यक तिथे नव्हता, आणि अनेक महिन्यांचा राग व दबाव त्या जीपमध्ये बसलेला होता.

तिसरी गोष्ट सगळ्यात घरगुती आहे. डुकरं पीक खातात म्हणून बांधावर क्लच वायरचा फास लावतात. कुंपणात चोरून वीज सोडतात. फास लावणारा माणूस रात्री घरी झोपलेला असतो. फासात रानडुक्कर अडकेल, बिबट्या अडकेल, शेजाऱ्याचं वासरू अडकेल. विजेच्या तारेला तर शेजारीच चिकटेल. मीटरमध्ये मोजलं तर फास त्याच्या घरापासून दोनशे पावलांवर असतो. तरी हजार मीटरवरून मारणाऱ्या रायफलवाल्यापेक्षा हा माणूस आपल्या शिकारीपासून जास्त लांब आहे. रायफलवाला निदान बघतोय तरी.

मी स्वतः शिकार करत नाही, म्हणून या सगळ्यापासून मोकळा आहे, असंही नाही. पुण्यातल्या फ्लॅटवर ॲपवरून चिकन मागवतो तेव्हा त्या कोंबडीपासून माझं अंतर कुठल्याही बॅरलच्या पल्ल्यात बसणार नाही.

म्हणजे मोजायचं अंतर मीटरचं नाही. मी जे करतोय त्याचा परिणाम मला दिसतो का, तो बदलत असेल तर मला थांबता येतं का, आणि बिघडलं तर ते निस्तरायला मी वेळेत पोचतो का, या तीन प्रश्नांनी ते अंतर मोजावं लागतं. त्याला मी माणसाचा पल्ला म्हणतो. गोळीचा पल्ला कारखान्यात ठरतो. माणसाचा पल्ला त्या दिवशीचा उजेड, वारा, दम आणि मन यांवर ठरतो, आणि तो रोज वेगळा असतो.

आठशे मीटरवरून मारणाऱ्याचा प्रश्न तिसऱ्या ठिकाणी सगळ्यात जास्त अडतो. जनावर जखमी झालं तर तिथवर पोचायला, मधे दरी असली तर, अर्धा तास लागू शकतो. पोचल्यावर ते नेमकं कुठल्या झुडपापाशी उभं होतं, हेही ओळखू येत नाही, कारण दुर्बिणीतून दिसणारं झुडूप आणि पायाखाली आलेलं झुडूप सारखं दिसत नाही. रक्ताचा पहिला थेंब सापडला नाही, तर माग सुरूच होत नाही.

उत्तर देण्याची संधी

"जवळ गेलं की ते पळतं ना!" या वाक्याकडे परत येतो.

स्पॅनिश तत्त्वज्ञ होसे ऑर्तेगा इ गासेत याने शिकारीवर लिहिताना म्हटलं होतं की माणसाची ताकद जनावरापेक्षा फार वाढली, तेव्हा शिकाऱ्याने ती स्वतःहून आवरती घेतली, नाहीतर शिकार ही गोष्टच संपली असती. अमेरिकेत थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ साली स्थापन केलेला बून अँड क्रॉकेट क्लब हा शिकाऱ्यांचाच क्लब आहे. त्यांचीही भूमिका अशीच आहे की, किती लांबून लागतं हे तपासण्यासाठी जिवंत जनावरावर गोळी झाडणं ही शिकार नव्हे. हे बंदुकीच्या विरोधकांचं म्हणणं नाही, तिच्यावर प्रेम करणाऱ्यांचं आहे.

त्यांचा मुद्दा मी माझ्या शब्दांत असा मांडेन. हरणाकडे नाक आहे, कान आहेत, पाय आहेत. तुम्ही वाऱ्याच्या उलट्या बाजूने सरकत दीडशे मीटरवर गेलात, तर ते नाक आणि ते कान कामाला लागतात. त्याला तुमची चाहूल लागू शकते. ते मान वर करतं, थबकतं, पळतं. हे त्याचं उत्तर आहे. आठशे मीटरवर त्याच्या सगळ्या इंद्रियांच्या बाहेर बसून आपण त्याचं उत्तर आधीच बंद केलेलं असतं. मित्र ज्याला अडचण म्हणतो, ते पळून जाणं, तोच त्या व्यवहारातला हरणाचा एकमेव हक्क आहे.

आमच्या भागात एकतर्फी पल्ल्याची एक वेगळी आठवणही आहे. वेठबिगारीविरुद्ध वारली उभे राहिले, त्या वर्षी, १० ऑक्टोबर १९४५ ला, तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण गेले. त्यांतल्या जेठ्या गांगडचं नाव अजून घेतलं जातं. जमलेल्यांची काठी किंवा कोयता जिथवर पोचला असता, त्याच्या कितीतरी पलीकडून गोळी आली. हरीण आणि माणूस एका तराजूत मी घालत नाही. पण ज्याला समोरून काहीच परत येऊ शकत नाही, त्याचा हात हलका होतो, हे दोन्हीकडे दिसतं. कदाचित म्हणूनच ज्या रानात वाघाचं उत्तर खरंच परत येऊ शकत होतं, तिथल्या लोकांनी त्याला वाघदेव केलं आणि दिवाळीच्या तोंडावर वाघबारस पाळली.

आजाचा तिरकमठा वीस-पंचवीस पावलांच्या पलीकडे भरवशाचा नव्हता. तो काही संत नव्हता, घरात खायला हवं म्हणून तो ससा मारायचा. पण त्याचा बाण आणि त्याची नजर एकाच जागी संपत होत्या. आपल्याकडे हत्यार नजरेच्या पुढे गेलेलं आहे. त्यामुळे आजाला जी मर्यादा फुकट मिळाली होती, ती आपल्याला ठरवून घालून घ्यावी लागते.

मग लांब पल्ल्याची हौस करूच नये?

अचूकतेची ओढ वाईट नाही. एखादी गोष्ट लांबून, श्वास आवरून, अगदी हव्या त्या बिंदूवर लागणं यात खरा आनंद आहे. तो आनंद हवा असेल तर त्यासाठी कागद आहे. कोल्हापूरजवळच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं. त्या खेळात दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, आपल्या करंगळीच्या नखाएवढं. त्याआधी २०१० मध्ये कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेतेपद मिळवलं होतं. कागद एक पाऊल पुढे टाकत नाही. हुकलेली गोळी तिथे गुण कमी करते, कोणाला रक्ताळलेलं सोडून देत नाही. जाड बॅरल, घट्ट पीळ, मोठी दुर्बीण या सगळ्याची हौस तिथे हवी तेवढी करावी.

आणि जिथे मारणं खरोखर भाग आहे, तिथे? माणसाच्या जिवाला धोका झालेलं जनावर मारण्याची परवानगी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आहे. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या काही प्राण्यांसाठीही परवानगीची वाट आहे. डुकरांनी एका रात्रीत भात लोळवलेल्या शेतकऱ्याला मी तत्त्वज्ञान शिकवणार नाही. त्याचं कारण माझ्या मित्राच्या कारणापेक्षा कितीतरी वजनदार आहे. पण मारण्याचं कारण चांगलं असलं, म्हणून मारण्याची पद्धत आपोआप चांगली होत नाही. उलट कारण चांगलं असेल तेव्हाच आपण पद्धतीकडे डोळेझाक करतो. शेत वाचवायचं म्हणून लावलेल्या क्लच वायरकडे गाव जसं दुर्लक्ष करतं, तसं.

मित्राला मी शेवटी काय सांगितलं, ते इथे लिहितो, कारण त्याने ते ऐकलं की नाही हे मला अजून माहीत नाही आणि तो त्याचा निर्णय आहे. मी लिहिलं, "वीस इंची घे. हलकी आहे, चालायला बरी. उरलेल्या पैशांची काडतुसं घे आणि ती कागदावर झाड. अनोळखी वाऱ्यात, धाप लागलेली असताना, बसून, पहिल्याच गोळीला, दहापैकी दहा वेळा ज्या अंतरावर जागेवर लागेल, तो तुझा पल्ला. रायफलच्या माहितीपत्रकात किती लिहिलंय ते विसर. आणि त्या आकड्यातूनही थोडं कमी कर, कारण कागद चालत नाही."

दहापैकी नऊ का नाही, असं तो विचारेल. आमच्या कामात नव्वद टक्के बऱ्याचदा चालतात. रिक्वेस्ट फसली तर सिस्टिम पुन्हा पाठवते, चुकीचं व्हर्जन गेलं तर आधीचं परत आणता येतं, आणि रात्री दोन वाजता फार तर कोणाची तरी झोप मोडते. आमचं सगळं धाडस त्या परत घेता येण्यावर उभं आहे. गोळी परत घेता येत नाही. जिथे परत घेता येत नाही, तिथे लागण्याच्या शक्यतेचा हिशोब पुरत नाही. दहावं हरीण कुठे गेलं, त्याचा माग संध्याकाळपर्यंत काढायला मी तयार आहे का, हाही हिशोब त्यात धरावा लागतो. त्या दहाव्या हरणामागे जिथवर जायची तयारी आहे, तिथवरच बंदूक उचलावी. बॅरल त्याहून लांबवर मारू शकत असली, तरी.